अर्धी वाचलेली नोंद

वेब सर्व्हर हे फार मोठं प्रकरण नाही. बासष्टाव्या वर्षी मी एकट्याने एक लिहिला. समोरून एक निरोप येतो. त्याच्या पहिल्या ओळीत काय पाहिजे ते असतं: अमुक पान दाखवा, किंवा ही माहिती ठेवून घ्या. त्याखाली चार-सहा ओळी निरोपाबद्दलच्या असतात, आणि त्यांतली एक सांगते की पुढचा मजकूर किती लांब आहे. मग एक कोरी ओळ. कोऱ्या ओळीनंतर खरा मजकूर. सर्व्हरने तो वाचायचा, सांगितलेलं काम करायचं आणि उत्तर धाडायचं. उत्तराच्या सुरुवातीला एक आकडा असतो. दोनशे म्हणजे काम झालं. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे मागणाऱ्याचं काही चुकलं. पाचशे म्हणजे चूक माझी.

हे शेवटचं मला चार वर्षं म्हणता आलं नाही. आता म्हटलं आहे, गावासमोर म्हटलं आहे, आणि ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांच्यासाठी इथे सगळं लिहून ठेवतो.

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. शेवटची अकरा वर्षं आलापल्लीला होतो. सागवानाच्या जंगलातून गेलेली तार तुटली की खांद्यावर शिडी घेऊन चालत जायचं, सांधायची आणि परत येऊन बघायचं की आवाज जातो की नाही. निवृत्त झाल्यावर जन्मगावी आलो. गाव कुरखेड्याहून आत, एसटी जिथे वळते त्याच्याही पुढे. आमची बौद्धांची सहा घरं, बाकी गोंडांची आणि थोडी कुणब्यांची. गावात नेटवर्क म्हणावं असं नाही. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पारीवर उभं राहिलं तर एखादा कॉल लागतो.

या गावात मोहाचं झाड जंगलातलं असलं तरी बेवारस नसतं. कोणत्या झाडाखालची फुलं कोणत्या घराने वेचायची हे आज्या-पणज्यापासून ठरलेलं आहे. फाल्गुनात त्या घरची माणसं जाऊन झाडाखालचा पाला झाडून जागा स्वच्छ करतात, आणि तिथे दुसरं कोणी टोपली ठेवत नाही. झाडांना नावं आहेत. कागद मात्र नव्हता. घरं वाटली गेली, भाऊ वेगळे झाले, आणि एकाच झाडाखाली दोन झाडू दिसायला लागले. तेव्हा ग्रामसभेने ठरवलं की घरागणिक झाडांची यादी करायची. आधी एका वहीत केली. ती वही ज्याच्या घरी होती तिथे वाळवीने खाल्ली. सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी करून देतो. वाळवी लागणार नाही अशी."

समाजमंदिरात एक जुना कॉम्प्युटर, बॅटरी आणि एक वाय-फायचा डबा, एवढ्यावर मी ते उभं केलं. इंटरनेट नाही, पण समाजमंदिराच्या पन्नास पावलांत कोणत्याही मोबाइलवर गावाचं पान उघडायचं. घर निवडा, झाडं बघा, नवीन नोंद करा. तयार सर्व्हर फुकट मिळतात, आणि ज्या चुकीबद्दल मी सांगणार आहे ती त्यांत नसते. पण मला ते नको होतं. तारेवरून आलेला शब्द न् शब्द माझ्या हातून जावा असं मला वाटायचं. एक्स्चेंजमधला माणूस दुसऱ्याने जोडलेल्या तारेवर विश्वास ठेवत नाही. याला मी तेव्हा कसब समजत होतो. त्यात गर्व किती होता, हे आता मला माहीत आहे.

नोंदी करायला एक मुलगी नेमली. आमच्याच सहा घरांपैकी एकातली, बारावी झालेली, तालुक्याला जाऊन कॉम्प्युटर शिकलेली. मराठी टायपिंग इतकं वेगात करायची की समोरचा माणूस बोलायचा थांबला की तिचीही बोटं थांबायची. लोक येऊन पायरीवर बसत, आपली झाडं सांगत, आणि ती मोबाइलवर भरत असे.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. एका बाईची नोंद भरताना कुठेतरी माझा कोड अडला, आणि पाचशे हा आकडा घेऊन पडद्यावर लाल अक्षरं आली. त्या बाईने मोबाइलकडे पाहिलं आणि पदर सावरत उठली.

"लाल आलं व माय. आता केस होते का आपल्यावर?"

मुलगी हसून म्हणाली, "केस नाई होत, बाई. मशीन अडकली. बसा."

"तू हास. माह्या सासऱ्याले असंच लाल शिक्क्याचं कागद आलं होतं फॉरेस्टचं. तीन वर्ष तारखा केल्या त्यानं."

ती गेली ती आठ दिवस आली नाही. तिच्या मागे तिची आळीही आली नाही. लाल अक्षराची भीती इथे पुस्तकी नाही, ती घराघरातली आहे. मी विचार केला आणि झटपट निर्णय घेतला. सर्व्हर आत कुठेही अडला, काहीही मोडलं, तरी बाहेर उत्तर एकच जाईल: दोनशे, हिरवा रंग, आणि शब्द "जमा झालं". आतली गडबड मी सावकाश बघून दुरुस्त करीन. त्यासाठी बाहेरून जे काही येईल ते जसंच्या तसं एका फाइलीत उतरत राहील अशी सोयही केली. चार ओळींचं काम होतं. लोक परत आले. मला माझ्या शहाणपणाचं कौतुक वाटलं.

एक्स्चेंजमध्ये मी असं कधी केलं नसतं. लाइन मेली असेल तर माणसाला रिंगचा आवाज ऐकवायचा नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलेलं होतं. माणूस कानाला रिसीव्हर लावून वाट पाहत बसतो, आणि पलीकडे कोणी नसतं.

आता ती दुसरी चूक सांगतो, कारण पहिली नसती तर दुसरी लगेच दिसली असती. निरोप आला की माझा सर्व्हर एकदाच वाचायचा, एका घासात जास्तीत जास्त चार हजार शहाण्णव चिन्हं. मजकूर किती लांब आहे हे निरोपातच लिहिलेलं असतं. तेवढा पूर्ण येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत राहायचं असतं. मी ते केलं नव्हतं. मी तपासताना स्वतःच्या घराची नोंद टाकून पाहिली होती. आमची झाडं दोन. एका घासात सहज येत.

मराठी अक्षर मात्र तारेवरून अक्षर म्हणून जात नाही. एका 'क'साठी टक्क्याची खूण आणि दोन चिन्हं, असं तीनदा. म्हणजे नऊ चिन्हं. काना-मात्रेलाही प्रत्येकी नऊ. पाच-सात झाडांच्या घराचं यानेही काही बिघडत नाही. पण गावात एक घर असं होतं ज्याची झाडं सव्वीस होती. चार भाऊ एकत्र, आणि वर त्यांची आई, गावातली सगळ्यात वयस्कर बाई. सगळे तिला आजी म्हणत. तिच्या सव्वीस झाडांची सव्वीस लांबलचक नावं होती, आणि घर क्रमांकाची चौकट मी फॉर्मच्या अगदी शेवटी ठेवली होती.

आजी एका सकाळी आली, पायरीवर बसली, तंबाखू मळला आणि एकामागून एक झाडं सांगितली. मी तेव्हा आत बॅटरीचं पाणी बघत होतो. मला ऐकू येत होतं. मुलीने मध्ये एकदाच विचारलं, "आजी, हा अस्वलाचा म्हणजे कोणता?" आजी म्हणाली, "जिथी अस्वल बसते तो. तू जाऊन पाय, मंग समजन." दोघी हसल्या. मुलीने बटण दाबलं. हिरवं आलं. "झालं आजी, जमा झालं."

झालं नव्हतं. माझ्या सर्व्हरने पहिला घास खाल्ला, उरलेलं ताटात टाकलं, घर क्रमांक शोधला, तो सापडला नाही, आणि नोंद सोडून दिली. मग माझ्याच आज्ञेप्रमाणे हिरवं उत्तर धाडलं.

फुलं पडायच्या आधी यादी सभेत वाचली. एकेका घराचं नाव, मग झाडं. वाचून संपलं. आजी म्हणाली, "माह्या घरचं काऊन नाई वाचलं?"

पुन्हा पाहिलं. नव्हतं. मुलगी उभी राहिली. "मी भरलं, आजी. तुमच्या समोर भरलं. हिरवं आलं होतं."

मागून कोणीतरी बोललं, "धुऱ्याचं भांडण अजून मिटलं नाई वाट्टे." त्या मुलीच्या वडिलांचं आणि आजीच्या मोठ्या मुलाचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बिनसलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काही लोक हसले. मुलीचा चेहरा उतरला. "धुऱ्याचा इथी काय संबंध? मी काय झाडं खिशात घालून नेले का?"

अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळले. "फोनवाले भाऊ, तुमी सांगा. हिरवं येऊन बी नोंद नाई झाली, असं होऊ शकते का?"

सभेत साठेक माणसं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. ती मुलगीही. तिच्या नजरेत खात्री होती की मी तिच्या बाजूने बोलेन, कारण खरं तिच्या बाजूला होतं. मी म्हणालो, "हिरवं आलं म्हणजे मशीनला मिळालं. मशीन आपल्या मनानं काही पुसत नाही."

दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं खरं आहे की नाही हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं, पण ते मला माहीत नाही एवढं तरी माहीत होतं. मी ते बोललो नाही. मशीन पुसत नसेल तर माणसाने पुसलं, आणि पुसायचा पासवर्ड माझ्याशिवाय फक्त तिच्याकडे होता. हिशोब लोकांनी पाच मिनिटांत केला. पुस्तकात ठराव लिहिला गेला: नोंद करणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे सदर घराची नोंद राहिली. आजीची सव्वीस झाडं त्या मोसमापुरती, ज्या घरांना कमी झाडं होती त्यांच्यात वाटली. मुलीला काम सोडायला सांगितलं. माझ्या त्या वाक्यानंतर कोणीच "नाई" म्हटलं नाही, त्या मुलीनेही आणि आजीनेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती फाइल उघडली. आजीचा निरोप तिथे होता, मुलीने टाकला तसा, पहिला घास. वर लांबी लिहिलेली होती, आणि खाली आलेलं त्याहून कितीतरी कमी होतं. मी चार ओळी बदलल्या. आता सर्व्हर सांगितलेल्या लांबीइतकं आल्याशिवाय उठत नव्हता. मग हिरव्या उत्तराचा खोटेपणाही काढून टाकला. दुपारपर्यंत सगळं नीट झालं. मी घरी जाऊन जेवलो. कोणाला काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. त्या आठवड्यात शेजारच्या दोन गावांची माणसं आमचा सर्व्हर बघायला येणार होती, आणि तालुक्याला माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला होता. पण स्वतःला मी हे कारण सांगत नव्हतो. मी सांगत होतो ते वेगळंच होतं: ती मुलगी आमच्या सहा घरांतली, मीही त्याच सहा घरांतला. मी बोललो तर लोक म्हणतील, आपल्या माणसाला पाठीशी घालतो. माझं खरं कोणी खरं मानणार नाही, आणि उलट तिचंच नाव आणखी खराब होईल. ही सबब किती छान बसत होती. आमच्या लोकांना गावात असं ऐकून घ्यावं लागतं हे खोटं नाही, म्हणून ती सबबही खोटी वाटत नव्हती. पण माझ्याकडे फाइल होती. आकडे होते. ते कोणाच्या जातीचे नव्हते. मी ते दाखवले नाहीत, कारण ते मला दोषी ठरवत होते.

पुढच्या मोसमात सभेने आजीची झाडं परत केली. यादी पूर्ण झाली, आणि गाव तिच्यावर चालायला लागलं. सत्कारही झाला. मुलीने कुरखेड्यात बसस्टँडजवळ एक छोटं दुकान काढलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखले. ती रोज सकाळी जाते आणि संध्याकाळी गावात परत येते. वाटेत दिसली की मला "जयभीम, भाऊ" म्हणायची. मी "जयभीम" म्हणायचो आणि पुढे जायचो.

या वर्षी नवीन घरं झाली, म्हणून सगळी यादी पुन्हा करायचं ठरलं. सभेच्या आधी यादीसाठी नेमलेल्या समितीची बैठक झाली. एका तरुण सदस्याने त्या मुलीचं नाव सुचवलं. "तिच्याएवढं भराभर टायपिंग कोणाले येते? दुकान बी चालवते."

एक म्हातारा सदस्य म्हणाला, "हव, आणि झाडं बी भराभर पुसते."

सगळे हसले. नाव तिथेच पडलं. मी तिथे बसलो होतो. मी हसलो नाही, पण मीही गप्पच होतो, आणि त्या खोलीत माझं गप्प बसणंही तिच्या विरोधात गेलं.

नोव्हेंबरात मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मागच्या वर्षापर्यंत मी मुद्दाम गडचिरोलीला जायचो. या वेळी तिच्या दुकानात गेलो. तिने माझा अंगठा पुसला, यंत्रावर ठेवला, उचलला, परत ठेवला.

"झालं का?" मी विचारलं.

"थांबा. कागद हातात आल्यावर झालं म्हणते मी. पडद्यावर काय बी येते."

कागद आला. तिने तो नीट वाचून माझ्या हातात दिला. मी उठलो नाही. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती जाईपर्यंत मी बाकावर बसून राहिलो. मग सांगितलं. घास, लांबी, हिरवं उत्तर, फाइल, दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती. तिला समजावून सांगायला वेळ लागला नाही, ती माझ्याहून जलद समजते. सांगून झाल्यावर ती कागदांचा गठ्ठा उगाच ठोकून सरळ करत राहिली.

"म्हणजे दुसऱ्याच दिवशी समजलं होतं तुमाले."

"हो."

"चार वर्ष झाले."

"हो."

"माह्या आईनं आजीकडं जाऊन पाय धरले, माईत आहे का? मी नको म्हणून राह्यली, तरी गेली. मी केलं असन तर माफ करा म्हणे. म्हणजे आईले बी वाटलं, मी केलं असन."

तिने गठ्ठा बाजूला ठेवला. ती म्हणाली, "मले काऊन सांगता, भाऊ? मले तर माईतच होतं मी नाई केलं. ज्यायच्यासमोर बोलले, त्यायच्यासमोर सांगा." आणि तिने तेवढ्यात आलेल्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मागितलं.

आमच्या सभेत बहुमत चालत नाही. एका माणसाचं "नाई" असलं तरी विषय पुढे सरकत नाही, तो परत बोलायचा, पटवायचा, मग सगळ्यांचं "हव" आलं की ठराव होतो. त्यामुळे मला माहीत होतं की एकदा उभं राहून बोललं की सुटका नाही, प्रत्येकाला उत्तर द्यावं लागेल. त्या आठवड्यात मी फाइलीतला तो अर्धा निरोप उलगडून कागदावर हाताने उतरवून घेतला.

सभेच्या दिवशी समाजमंदिर भरलं होतं. आजीला तिच्या नातवाने खुर्चीवर आणून बसवलं होतं. ती मुलगी दाराशी उभी होती, दुकान बंद ठेवून आली होती. नवीन यादीचा विषय निघाला तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चार वर्षांमागे आजीची झाडं यादीत आली नाहीत. ती चूक या मुलीची नव्हती. माझ्या मशीनची होती, आणि मशीन मी लिहिलेली होती."

तो म्हातारा सदस्य म्हणाला, "भाऊ, तवा तर तुमीच म्हटलं, मशीन पुसत नाई."

"पुसलं नाही. अर्धं ऐकलं आणि झालं म्हणून सांगितलं. असं समजा, कोटवाराला निरोप दिला, तो अर्धा ऐकून पळाला, आणि परत येऊन म्हणाला, दिला सांगून."

"मंग हे आता काऊन सांगून राह्यले? तुमच्यातली आहे म्हणून?"

जे वाक्य मी चार वर्षं पुढे करून लपलो होतो, ते अखेर आलं. माझा आवाज चढला नाही. मी म्हणालो, "आमच्यातली आहे म्हणून नाही. तिने भरलेलं माझ्याकडे आहे. वाचून दाखवतो. खरं की खोटं ते आजी सांगेल, मी नाही."

आणि मी वाचायला लागलो. बोडीच्या पारीवरचा. दोन बुंध्यांचा. नाल्याच्या वळणावरचा मोठा. नाल्याच्या वळणावरचा लहान. अस्वलाचा. वीज पडलेला. बाळंतिणीचा. आजी खुर्चीवर पुढे सरकली. प्रत्येक नावाला तिची मान हलत होती. एकोणिसाव्या झाडावर मी आलो: "खडकाच्या मागचा वा…" आणि थांबलो.

"पुढं?" आजी म्हणाली.

"पुढे नाही. मशीनने इथपर्यंतच घेतलं."

"वाकडा," आजी म्हणाली. "खडकाच्या मागचा वाकडा. मंग त्याच्या शेजारचा, जिथी माह्या माणसानं माची बांधली होती तो." आणि तिने उरलेली सातही झाडं, न अडखळता, त्याच क्रमाने सांगितली. संपल्यावर दाराकडे बघून म्हणाली, "ह्या पोरीनं समदं लिवलं होतं. अस्वलाचा कोणता म्हणून विचारलं बी होतं मले. आणि मी चार वर्ष हिच्या मायशी धड बोलली नाई."

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्या सदस्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. अध्यक्षांनी मला सरळ विचारलं, "तुमाले कवा समजलं, भाऊ?"

"दुसऱ्या दिवशी."

तेव्हा मात्र गलका झाला. मला बरंच ऐकावं लागलं. सत्काराची शाल परत कर म्हणूनही कोणी बोललं. मी सगळ्यांना उत्तर दिलं. हे करताना मला हलकं वाटलं असं मी म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांनी मला विचारलेल्या प्रश्नाचं मी खरं उत्तर देत होतो, आणि ते मला येत होतं.

जुना ठराव पुस्तकातून खोडता येत नाही, नवीन लिहावा लागतो. सचिवाने मलाच सांगितलं, तुमीच लिहा. मी लिहिलं: चार वर्षांपूर्वी तांत्रिक बिघाडामुळे सदर घराची नोंद राहिली होती, त्यात नोंद करणाऱ्याचा दोष नव्हता. पुस्तक फिरायला लागलं, सह्या आणि अंगठे होत गेले. दाराशी ते मुलीकडे गेलं. तिने पेन घेतला, पण सही केली नाही. पूर्ण ठराव वाचला. मग जुना ठराव उघडून तोही वाचला.

"बिघाड कोणाचा?" तिने विचारलं.

सचिव म्हणाला, "पोरी, आता काय फरक पडते? तुह्यं नाव साफ झालं ना."

"मागच्या खेपेले लिहिलं तवा 'नोंद करणाऱ्याच्या' म्हणून लिहिलं. तवा बरा माणूस सापडला. आता काऊन बिघाड झाला?"

तिने पुस्तक माझ्याकडे आणून दिलं. मी "तांत्रिक बिघाडामुळे" यावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, आणि वर लिहिलं: मशीनचा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे. ती खांद्यामागून बघत होती. ती गेली नाही. मी आणखी लिहिलं: व ती चूक समजूनही त्याने सांगितली नाही, यामुळे.

मग तिने सही केली. पुस्तक सभेत परत पहिल्यापासून फिरलं, कारण ठराव बदलला होता, आणि ज्यांनी आधी अंगठे दिले होते त्यांनी पुन्हा दिले. अध्यक्षांनी विचारलं, यादीच्या कामाला हिचं नाव ठेवायचं का, कोणाचं नाई आहे का. कोणाचंच नव्हतं. म्हाताऱ्या सदस्याने सगळ्यांच्या आधी "हव" म्हटलं. आजी सगळ्यात शेवटी म्हणाली, आणि लगेच नातवाला म्हणाली, खुर्ची उचल, मले त्या पोरीच्या घरी ने, तिच्या मायकडं जायचं आहे.